तणाची राखण

वहिनींच्या हातांना स्वतंत्र डोळे आहेत, असं खुरपणीच्या टोळीतल्या बायका म्हणायच्या. ही स्तुती नव्हती, तक्रार होती. खुरपायला बायका रांगेनं बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला दोन-दोन सऱ्या येतात, त्या वाट्याला पात म्हणतात. आणि सगळ्यांनी आपापली पात धरून बरोबरीनं पुढं सरकायचं, म्हणजे गप्पाही बरोबरीनं सरकतात, असा या धंद्याचा अलिखित करार आहे. वहिनी तो दर हंगामात मोडत. बाकीच्यांचं अजून कुणाच्या तरी सुनेपाशी अडलेलं असायचं, आणि वहिनी पात संपवून बांधावर पाणी पीत बसलेल्या असायच्या. त्यांच्या सरीत मागं वळून बघावं तर पीक सोडून हिरवं म्हणून काही शिल्लक नाही.

"हिच्या शेजारी बसणं म्हणजे परीक्षेला हुशार पोरीच्या शेजारी बसणं," असं एकीनं म्हटलं होतं. "फक्त हिचं बघून लिहिता येत नाही."

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वहिनी म्हणणारा घरात एकच माणूस होता, धाकटा दीर. पण त्याचा आवाज असा की आठवड्याभरात सगळी वस्ती त्यांना वहिनी म्हणायला लागली. दिराची पुढची बरीच कामं अशीच झाली: त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी करायचं.

घरची जमीन अठरा एकर. वहिनी आल्या तेव्हा त्यातली निम्मी गवताळ होती. नवऱ्यानं आणि दिरानं ती दरवर्षी थोडी थोडी नांगराखाली आणली, म्हणजे नवऱ्यानं नांगरली आणि दिरानं कुठवर नांगरायची ते बांधावरून सांगितलं. गवताला आणि त्यातल्या शंभर तऱ्हेच्या झुडपा-वेलींना हे मान्य नव्हतं. घर सोडायची नोटीस मिळालेल्या भाडेकरूसारखी ती पुन्हा पुन्हा उगवत, आणि वहिनी त्यांना पुन्हा पुन्हा बाहेर काढत. एकतीस वर्षं हे चाललं. जमिनीच्या कागदावर मालकाचं नाव असतं, पिकाचं असतं, विहिरीचं असतं. खुरपणाऱ्याचा रकाना नसतो.

एवढ्या ओळखीत नावं ठेवली जाणारच. कुठंही ऐसपैस बसतो आणि ओढून काढायला गेलं तर शेजारच्या दोन रोपांना घेऊन उठतो, तो जावई. जमिनीलगत राहून बोटाला काटे लावणारी चुलतसासू. सगळ्यांपेक्षा उंच, सरळ, डोकं पोकळ आणि कुणाच्या उपयोगाचा नाही, तो अध्यक्ष. गाजरगवताला मात्र वहिनींनी टोपणनाव दिलं नाही. ते बाहेरून आलेलं, आसपास दुसरं काही उगवू न देणारं. नाव ठेवायला थोडी तरी माया लागते.

या सगळ्याचा एक परिणाम असा झाला की हात वहिनींना विचारेनासे झाले. बसच्या थांब्यावर उभ्या राहिल्या की फरशीच्या भेगेतलं गवत जायचं. बँकेत रांग लांब असली की शोभेची कुंडी साफ व्हायची. नवरा आजारी होता तेव्हा वहिनी सतरा दिवस दवाखान्याच्या अंगणातल्या बाकावर बसून होत्या. अठराव्या दिवशी तो गेला. सामान आवरून निघताना दवाखान्याचा माळी ज्याला त्याला विचारत होता, की कुंपणाकडेचा अख्खा ताटवा इतका स्वच्छ कुणी केला? वहिनींनीही मान हलवली. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

नवरा गेल्यावर दोन वर्षांनी दिरानं जमीन विकली. शेतीत आता काही राहिलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यानं शेतीत कधी काही घातलं नसल्यामुळं ते त्याच्यापुरतं खरं होतं. घेणारी कंपनी गोदामं बांधणारी. रस्त्यापलीकडचा मोठा गवताळ माळ तिनं आधीच सपाट करून त्यावर गोदामं उभी केली होती. पण नियम असा की जेवढा माळ खाल्ला, तेवढा दुसरीकडं उगवून दाखवायचा. निसर्ग एका जागी मारून दुसऱ्या जागी जिवंत करता येतो, निदान कागदावर येतो, आणि कागद पूर्ण करायला कंपनीला एक शेत हवं होतं. तिनं हे घेतलं. आता इथं मका लावायचा नाही, नांगरायचं नाही, खत नाही, औषध नाही. शेतानं पुन्हा माळ व्हायचं.

फाटकापाशी पत्र्याचा कंटेनर आला. त्यात एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, पाणी उकळायची किटली आणि भिंतभर नकाशा. बाहेर पाटी लागली: राखणदार पाहिजे, स्थानिक वनस्पतींची ओळख असल्यास प्राधान्य. मुलाखतीला वहिनी गेल्या. प्रकल्पाचे साहेब टेबलापलीकडं होते, आणि कोपऱ्यात तिशीतली एक बाई भिंगातून वाळलेलं पान बघत होती. तिला पुढं सगळे वनस्पतीवाली म्हणायला लागले. वहिनी पहिली दोन वर्षं तिला मॅडम म्हणायच्या.

"किती वनस्पती ओळखता?" साहेबांनी विचारलं.

"ठेवायच्या का उपटायच्या?"

"समजा, ठेवायच्या."

"एक. मका."

"बरं. आणि उपटायच्या?"

वहिनींनी सुरुवात केली. दहा मिनिटांनी साहेबांनी लिहिणं थांबवलं. वनस्पतीवालीनं भिंग खाली ठेवलं होतं.

नेमणुकीच्या कागदावर कामं लिहिली होती. रोज हद्दीतून फिरावं. गुरं, माणसं, आग यांवर लक्ष ठेवावं. आणि जाड अक्षरांत: काहीही उपटू नये.

"म्हणजे वहिनी," दीर घरी म्हणाला, "एकतीस वर्षं तण काढलंत आणि आता त्याची राखण करणार. उद्या चोरांनी पोलिसात जायचं म्हणा की."

"जातात, भावजी. तुम्हाला माहीत असलेले दोन तर गेलेलेच आहेत."

दीर हसला. बोलण्यात वहिनींना हरवता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. जमीन विकताना तो म्हणूनच त्यांच्याशी बोलला नव्हता, नुसता सहीचा कागद पुढं ठेवला होता.

अट सोपी होती. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बाहेरचा तपासनीस येणार. एक मीटर लांब-रुंद लोखंडी चौकट शेतात पन्नास ठिकाणी ठेवणार आणि तिच्या आत मूळच्या माळावरच्या किती जाती उगवल्यात ते मोजणार. बत्तीस भरल्या तर माळ कायमचा माळ. नाही भरल्या तर जागा अयशस्वी. मग कंपनी लांब कुठंतरी तयार माळ विकत घेणार, आणि इथं गोदामाच्या ट्रकांसाठी तळ होणार.

ट्रकांचा तळ म्हणजे काय, ते वहिनींनी पाहिलं होतं. एकदा साहेबांचं पाकीट पोचवायला त्या गोदामात गेल्या होत्या. नजर जाईल तिथवर राखाडी फरशी, आणि एवढ्या फरशीत एक भेग नाही. वहिनी तिथं जेमतेम दहा मिनिटं थांबल्या, पण परत आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. एकतीस वर्षांत ज्यांना दम दिला, शिव्या दिल्या, उन्हातान्हात ज्यांच्यापुढं गुडघे मोडले, त्यांना ही फरशी एका दुपारीत कायमचं गप्प करणार होती. भांडण आपलं होतं. तिसऱ्याच कुणीतरी येऊन ते असं मिटवावं, हे त्यांना बघवेना.

पहिल्या वर्षी काही फारसं उगवलं नाही, ते अपेक्षितच होतं. दुसऱ्या वर्षी वनस्पतीवालीनं स्वतः चौकटी टाकून मोजलं. जाती भरल्या सतरा.

कंटेनरात बैठका झाल्या. एका तज्ज्ञानं जुन्या खतांना दोष दिला. दुसऱ्यानं मुंग्या बी पळवतात असं सांगितलं. तिसरे दूरवरून आले होते. त्यांनी हवामानाकडं बोट दाखवलं, आणि हवामान तिथं उत्तर द्यायला हजर नव्हतं. वहिनी चहा देत होत्या. वनस्पतीवाली मात्र नकाशावर लाल टाचण्या टोचत बसली होती: जिथं रोपं येऊन गायब झाली तिथं टाचणी. संध्याकाळपर्यंत टाचण्यांची एक लांब, वळणदार रेघ झाली. फाटकापासून निघून सगळं शेत फिरून परत फाटकाशी येणारी.

"हा प्राणी आहे," ती म्हणाली. "रोज एकाच वाटेनं फिरतो आणि दोन्ही बाजूंचं हातभर खातो. कोवळंच खातो."

"ससा असेल," वहिनी म्हणाल्या. "मला रोज दिसतो एक. पण बघून भित्रा वाटतो हो."

वाटेवर खांबाला कॅमेरा बांधला गेला, समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारा. आठवड्यानं वनस्पतीवालीनं कंटेनरात लॅपटॉप उघडला आणि वहिनींनी खुर्ची जवळ ओढली. प्राणी बघायची त्यांनाही उत्सुकता होती.

पहिल्या फोटोत एक पाठ होती. दुसऱ्यात तीच पाठ, वाकलेली. तिसऱ्यात एक हात जमिनीशी.

"ही कोण बाई?" वहिनींनी विचारलं.

वनस्पतीवाली पुढचे फोटो उघडत गेली. चौथा, पाचवा, सहावा.

"आपल्या हद्दीत शिरलेय बघा ना. अहो, उपटतेय! आणि किती सफाईनं, सटवी. मुळासकट. मॅडम, ही धंद्यातली आहे."

"काकू," वनस्पतीवाली हळूच म्हणाली, "रुमाल बघा डोक्याचा."

रुमाल निळा होता, पांढऱ्या ठिपक्यांचा. वहिनींचा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि तिथंच राहिला. माणसाला आपली पाठ कधी दिसत नाही. वहिनींनी ती साठाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली, आणि तीही पुरावा म्हणून. एकूण दोनशे अकरा फोटो होते. त्यांनी सगळे पाहायचा हट्ट धरला. शेवटच्या फोटोत एका कोपऱ्यात ससा होता. तो बाईकडं बघत होता.

वनस्पतीवालीनं लॅपटॉप मिटला.

"अहवालात असं लिहिता येईल," वनस्पतीवाली म्हणाली, "की एक कोवळी रोपं खाणारा प्राणी, जात अनिश्चित. अगदी खोटंही नाही ते."

"नको. प्राणी लिहिलंत तर साहेब सापळे लावतील. त्या सशानं काय केलंय?"

"आणि खरं लिहिलं तर तुम्हाला काढतील."

"काढू देत की. शेतात उपटून काढायची मीच तेवढी राहिले होते."

वहिनी साहेबांकडं स्वतः गेल्या, फोटो घेऊन. घरी दिरालाही सांगितलं.

"कुंपणच शेत खातंय म्हणा की!" दीर म्हणाला.

"शेत खाल्लं असतं तर बरं होतं, भावजी. मी तण खाल्लं."

दीर पुढं काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे इतकं दुर्मिळ होतं की वहिनींना आतून जावेनं येऊन विचारलं, ह्यांची तब्येत बरी आहे ना.

दुसऱ्या दिवशी वहिनी आपली पिशवी न्यायला कंटेनरात आल्या तेव्हा वनस्पतीवाली दारातच उभी होती. तिला रात्रभर एकच प्रश्न पडला होता. "काकू, उपटलेलं तुम्ही टाकता कुठं?"

"मला उपटलेलंच माहीत नाही, तर टाकलेलं काय सांगू?" वहिनींनी कोटाच्या खिशात हात घातला. तळाला माती आणि सुकलेली मुळं. खिसा रोज भरतो हे त्यांनी पाहिलं होतं, पण ते वाऱ्याचं काम समजून त्या घरी जाताना रिकामा करत. "हां. कोपऱ्यातल्या ढिगावर जातं सगळं. तण शेतात टाकून चालत नाही, पाणी लागलं की मुळं परत धरतात. म्हणून त्या कोपऱ्यात फेकायचं. आमची टोळी पहिल्यापासून तिथंच फेकायची."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"मी आले तेव्हापासून. एकतीस वर्षं."

नकाशावर त्या कोपऱ्यात लिहिलं होतं: मातीचा ढिगारा, हटवणे. काटेरी झुडपांमागं पुरुषभर उंच टेकाड होतं ते, आणि चौकटींच्या आखणीत नसल्यामुळं तिथं कुणी अभ्यासक फिरकला नव्हता. वनस्पतीवाली झुडपांतून आत शिरली. दोन तासांनी बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते आणि वहीत अडतीस नावं होती. सतरा शेतातली, आणि एकवीस अशी की जी शेतात कुठंच नव्हती. एकतीस वर्षं या शेतानं ज्यांना हद्दपार केलं होतं ते सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीनं सुखात राहत होते, आणि खालच्या थरांत त्यांचं बी झोपलेलं होतं.

"वरचा हातभर म्हणजे अलीकडची दहा वर्षं," वहिनींनी फावड्यानं टेकाडाची एक बाजू उघडी करून दाखवलं. "त्यात गाजरगवत फार. या काळ्या पट्ट्याच्या खालचं, ते जुनं. तेव्हा निम्मा माळच होता इथं. तुम्हाला हवेत ते सगळे तळाला आहेत."

साहेबांनी नियमावली काढली. राखणदारानं रोपं उपटल्यास काय करावं, हे तीत होतं: त्यास काढून टाकावं. परंतु त्या राखणदाराशिवाय अन्य कोणालाही ढिगाचा कुठला थर कुठल्या काळातला हे सांगता येत नसल्यास, व दोन पानांचं रोप ओळखता येत नसल्यास काय करावं, याबद्दल नियमावलीत काही नव्हतं. साहेबांनी ती मिटली. नियमावली मिटून ठेवणं ही त्यांच्या नोकरीतली एकमेव धाडसी कृती असावी.

ढिगाची माती टोपल्यांनी शेतभर पसरली गेली, तळाची आधी. खुरपणीच्या जुन्या टोळीतल्या सहा बायका कामाला आल्या. तण फेकायला जन्म गेला, आता तेच परत नेऊन पसरायचं म्हटल्यावर त्यांनी वहिनींना जेवढं म्हणून ऐकवता येईल तेवढं ऐकवलं. "एवढं होतं तर त्या वेळीच सांगायचं ना बाई. जागेवरच सोडलं असतं, पाठ तरी वाचली असती."

पण जुन्या मातीतसुद्धा गाजरगवताचं थोडं बी येतंच, आणि ते एकदा वाढलं की बाकीच्यांना उठू देत नाही. फुलल्यावर कुणालाही ओळखता येतं, पण तोवर उशीर झालेला असतो. ते दोन पानांचं असतानाच काढायला हवं होतं, आणि त्याच्या शेजारचं, तसंच दोन पानांचं, तसंच हिरवं, सोडायला हवं होतं. म्हणजे वहिनींनी पुन्हा खुरपायला बसायचं ठरलं. फरक एवढाच की आता हातांना विचारून काम करायला लावायचं होतं. ज्यांनी मालकिणीला एकतीस वर्षं विचारलं नव्हतं, त्यांना.

पहिल्या आठवड्यात अकरा वेळा हात पुढं गेले. अकराही रोपं वहिनींनी परत लावली. त्यातली दोन जगली. मग त्यांनी उजव्या मनगटाला डाव्या हातानं धरून काम करून पाहिलं. त्यानं रोपं वाचली, पण कामही झालं नाही. शेवटी त्यांनी नियम केला: आधी नाव घ्यायचं, मोठ्यानं, आणि मगच हात लावायचा. तोंड आणि हात यांत तोंड हळू चालतं, असा त्यांचा अनुभव होता. घरातला एक अपवाद सोडून.

त्यामुळं त्या हंगामात रस्त्यानं जाणाऱ्यांना एक म्हातारी बाई ओणवी होऊन बोलताना ऐकू यायची. "चुलतसासू. बसा तुम्ही. अध्यक्ष. राहा. जावई, जरा सरकून. गाजरगवत." आणि खस्सकन आवाज.

"वहिनी, लोक मला विचारायला लागलेत," दीर एकदा फाटकाशी येऊन म्हणाला.

"काय विचारतात?"

"वहिनी कुणाशी बोलतात म्हणून."

"सांगा की, घरच्यांशी."

तपासणीच्या महिनाभर आधीची गोष्ट. विहिरीच्या वरच्या उतारावर वहिनी खुरपत होत्या, आणि एका रोपापाशी हात पुढं गेला. केसाळ देठ, दोन पानं, पानांच्या कडा जांभळट. बोटांनी ते मानेशी धरलंसुद्धा. नाव घ्यायला वहिनींनी तोंड उघडलं, आणि नाव आलं नाही.

आठवून पाहिलं. हे जावयातलं नव्हतं, सासूतलं नव्हतं, कशातलंच नव्हतं. टोळीचा जुना कायदा अशा वेळी स्पष्ट होता: ओळख नसेल ते तणच, उपटा आणि पुढं व्हा. या कायद्यानं वहिनींनी आयुष्यभरात किती अनोळखी उपटले असतील, ते मोजायला दोनशे अकरा फोटोही पुरले नसते. पण नवा कायदा त्याहून स्पष्ट होता. नाव नाही तर हात नाही. बोटं उघडायला वेळ लागला. उघडल्यावर वहिनींनी शेजारी एक काडी रोवली आणि पुढच्या रोपाचं नाव घेतलं.

तपासनीस आला तो गुडघ्यांना रबरी पट्टे बांधलेला, वाळकासा, कमी बोलणारा माणूस होता. दोन दिवस तो पन्नास चौकटींपुढं गुडघे टेकत गेला. वनस्पतीवाली त्याच्या मागं वही घेऊन, आणि वहिनी दोघांच्या मागं, हात पाठीशी बांधून. दुसऱ्या संध्याकाळी कंटेनरात त्यानं आकडा सांगितला: एकोणतीस.

"तीन कमी," तो म्हणाला. "चार रोपं अशी आहेत की फुलल्याशिवाय मला नाव देता येत नाही. तीन आठवडे थांबायची तरतूद आहे. मी थांबतो. पण त्यांतली तीन माळावरची निघायला हवीत."

"मी आत्ता सांगते," वहिनी म्हणाल्या, आणि सांगितली. पहिलं निळं फुलणार, दुसरं वेल होऊन चढणार, तिसरं पांढरं, संध्याकाळी मिटणारं. तपासनिसानं लिहून घेतलं.

"आणि चौथं? काडी लावलेलं?"

"ते मला माहीत नाही."

वनस्पतीवालीनं चमकून वर पाहिलं. जवळपास तीन वर्षांत कुठल्याही रोपाबद्दल हे वाक्य तिनं वहिनींच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"माहीत नाही, तर मग सोडलं का?" तपासनिसानं विचारलं. त्याला खरंच उत्सुकता होती.

"माहीत नाही म्हणून."

ते तीन आठवडे वहिनींनी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. फुलायच्या गोष्टी कुणी बघत बसल्यानं लवकर होत नाहीत आणि वहिनी बघत बसल्या होत्या. पहिलं निळं फुललं. दुसरं वेल होऊन शेजारच्या अध्यक्षांवर चढलं. तिसरं पांढरं फुललं खरं, पण संध्याकाळी मिटेना. वनस्पतीवालीनं भिंग लावलं, मग पुस्तक उघडलं, मग हळूच मान हलवली. ते माळावरचं नव्हतं. बागेतून पळून आलेलं एक परदेशी फूल होतं, माळावरच्यासारखं दिसणारं. वहिनींची ओळख पहिल्यांदाच चुकली होती.

"आता?" वहिनींनी विचारलं.

"आता ते एकच, काकू. मलाही माहीत नसलेलं आणि तुम्हालाही," वनस्पतीवाली म्हणाली.

"चल तर मग, पोरी, बघू."

तपासनीस आधीच उतारावर होता, पोटावर पालथा. काडीशेजारी डोळ्यांत भरणारं वगैरे काही फुललं नव्हतं. मोहरीएवढं पिवळट काहीतरी होतं, आणि ते बघायला गाल मातीला लावावा लागत होता. त्यानं भिंगातून पाहिलं, भिंग पुसून पुन्हा पाहिलं, आणि त्या दोन दिवसांत जेवढं बोलला नव्हता तेवढं एका दमात बोलला. रस्त्यापलीकडच्या माळावर ही जात होती, माळ सपाट करण्याआधीच्या नोंदीत शेवटची; त्यानंतर या भागात कुणाला दिसली नव्हती. हिचं बी तीस-पस्तीस वर्षं मातीत दडून राहू शकतं. बहुतेक वहिनींनी लग्नाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी उपटलेली असणार, नांगराच्या मागं बसून, नाव न विचारता.

जे माहीत होतं त्यातलं एक चुकलं, आणि जे माहीत नव्हतं ते कामाला आलं. बत्तीस. तपासनिसानं तिथंच मांडीवर कागद ठेवून सही केली.

दोन दिवसांनी दीर आला. फाटकातून आत यायला त्यानं परवानगी विचारली, मोठ्या आवाजात का होईना.

"ट्रक येणार नाहीत म्हणे, वहिनी."

"नाही येणार."

"कायमचे?"

"कागदावर तसं आहे."

त्यानं एकदा शेतभर नजर फिरवली. "कुठं आहे ते फूल? साहेब तर असं सांगत होते की मला वाटलं, झाडच असेल."

वहिनींनी त्याला उतारावर नेलं, पाय कुठं टाकायचा ते सांगत. काडीपाशी आल्यावर तो इकडंतिकडं, वर, लांब बघायला लागला.

"खाली, भावजी."

"हे?"

"अजून खाली."

या अठरा एकरांचा तो निम्मा मालक होता, पण त्यात कधी गुडघ्यावर बसला नव्हता. आता बसला, कण्हत, आधी एक गुडघा, मग दुसरा. मान खाली नेली. डोळे बारीक केले.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

"सुंदर वगैरे नाही फारसं."

"तुमचा भाऊ तुमच्याबद्दल हेच म्हणायचा."

दीर हसता हसता खोकला, आणि मग लक्षात आलं की त्याला उठता येत नाही. गुडघ्यांना सवय नव्हती. त्यानं उजवा हात जमिनीवर टेकायला पुढं केला.

"तिथं नको," वहिनी म्हणाल्या.

हात डावीकडं गेला.

"तिथंही नको. वेल आहे."

"मग मी टेकू कुठं, वहिनी?"

वहिनी त्याच्याशेजारी उकिडव्या बसल्या, आणि दोघं मिळून शोधायला लागले. एक तळहात मावेल एवढी मोकळी जमीन सापडायला बराच वेळ लागला.